आंबलेल्या नागलीचं मडकं

आत्याबाई, मडकं अजून पुढच्या पडवीतच आहे. तुम्ही ठेवलंत तिथंच, जात्याच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. सकाळी मी ते ढवळलं, चार दाणे हातावर घेऊन वास पाहिला आणि कोंबड्यांना घातले. काल तुमचा दहावा झाला. घरात सुतक आहे आणि मी कोंबड्यांचं करत बसलेय हे बघून तुम्ही म्हणाला असतात, "शेवंते, तुला माणसांपरीस कोंबड्या जास्त." म्हणा की. म्हणायला तरी या.

तुमच्यासाठी रडायचं ते मी पोटभर रडले. हे लिहायला बसले ते रडण्यापायी नाही, भीतीपायी. तुमचे चिरंजीव सकाळीच घरातून निघून गेलेत ते अजून परतले नाहीत. चौकीवर गेलेत. का गेले ते सांगते, पण आधीपासून सांगितल्याशिवाय ते सांगताच येणार नाही. घरात मी एकटी आहे. शेजारणीशी बोलायची सोय नाही, कारण बोललं की ते बाजारात जातं आणि बाजारातून यांच्या कचेरीत. माहेरी खोडाळ्याच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते, त्या आज कामी येऊ देत. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तरी तुम्हालाच लिहितेय.

तुमच्यासारखं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे तुमच्या तोंडावर म्हणायचे, आताही म्हणते. घार फिरली की तुम्ही घाबरणार, कुत्रं रडलं की घाबरणार, आणि पोस्टमन दिसला की दाराआड. मी हसायचे. "आत्याबाई, तो काय खातोय का तुम्हाला?" तर म्हणायचात, "हस, हस. सरकारी टोपी दिसली का माझा पाय आपसूक आत वळतो. तुला नाय कळायचं." खरंच कळत नव्हतं मला. मी शेतकऱ्याच्या घरची. आमच्याकडे भीती म्हणजे पावसानं ओढ दिली तर, रानडुकरं शेतात शिरली तर, एवढीच. माणसाला भ्यायचं आम्हाला ठाऊक नव्हतं.

तुमची भीती नोकरीची होती. मामंजी संस्थानच्या कोठारावर पहारेकरी होते, ते गेले तेव्हा हे जेमतेम चालायला लागलेले. तुम्ही लोकांचं भात कांडलंत, लोकांच्या अंगणात सारवलंत आणि मुलाला शिकवलंत. मुलगा संस्थानच्या जंगलखात्यात कारकून झाला. त्या दिवशी तुम्ही म्हणे देवळात नारळ फोडायला गेलात आणि नारळ तसाच घरी घेऊन आलात. कुणाची नजर लागली तर, म्हणून.

आणि मग संस्थान विलीन झालं. माझं लग्न त्याच्या आधीच्या वर्षातलं. शाळेत पेढे वाटले, मिरवणूक निघाली, सगळे म्हणत होते आता आपण मुंबई सरकारचे. तुम्ही मागच्या दारात उभ्या होतात. मुलाला एवढंच विचारलंत, "म्हणजे तुझा पगार आता कोण देणार?" हे हसले, मीही हसले. पण वर्षभरात कुणाला घरी बसवलं, कुणाला लांब ठाण्याकडे धाडलं, आणि यांना सांगितलं, काम करत राहा, कायम करायचं की नाही ते मागाहून बघू. ते मागाहून अजून आलेलं नाही. तुमच्या देवाच्या जागी तेवढा एकच शब्द बसला. कायम. तुळशीला पाणी घालताना तुम्ही तोच पुटपुटत होतात, मी ऐकलंय.

अशा घरात मी माहेराहून कोंबड्या घेऊन आले. आईनं डालग्यात घालून दिलेल्या, एक कबरी कोंबडी आणि तिच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. आणि त्यांच्याबरोबर आईची रीत. पावसाळ्यात कोंबड्यांना सुकं दाणं टाकायचं नाही. हलकी नागली, भाताची कणी, असलं तर मूठभर वरई, सगळं मडक्यात भिजत घालायचं. तोंडावर जुनेराचं फडकं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. बुडबुडे आले आणि आंबिलीसारखा वास सुटला की दाणे निथळून घालायचे. तळाशी आंबट पाणी ठेवायचं, त्यावर पुन्हा नवे दाणे. असलं खाणं मिळालं की भर पावसात कोंबड्या तुकतुकीत राहतात, थोडक्या दाण्यात पोट भरतं आणि अंड्याचं कवच जाड होतं. वास मात्र येतो. तो काही लपत नाही.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही पदर नाकाला लावून मागच्या दारी आलात. "शेवंते, ह्ये काय कुजवलंस?"

"कुजवलं नाही, आंबवलंय."

"मेलं भट्टीसारखं घमतंय घर. दामूच्या कचेरीतलं कुणी आलं तर काय म्हणल?"

"म्हणेल, कोंबड्या पाळल्यात."

तेव्हापासून आपलं जे जुंपलं ते जुंपलंच. तुम्ही मडकं खुराड्यामागे सरकवायचात, मी उन्हात आणायचे. तुम्ही त्यावर टोपलं उपडं घालायचात, मी काढायचे. मडक्याला वारा लागायला हवा, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि माझी पाठ वळली की पुन्हा टोपलं. वैताग आणला होतात. खरं सांगते, एकदा तर मी ते टोपलंच चुलीत घातलं.

त्यातच दारूबंदी आली. चावडीपाशी दवंडी पिटली. दारू गाळायची नाही, प्यायची नाही, दारूसाठी आंबवलेलं रसायन घरात ठेवायचं नाही. तुम्ही त्या दिवशी बाजाराला गेला होतात. जामसरकडच्या कुठल्याशा घरात मोहाचं मडकं सापडलं होतं आणि त्या माणसाला दोरीनं बांधून भर बाजारातून नेत होते. त्याची बायको मागून धावत होती. तुम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी आलात आणि जेवला नाहीत. रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना मला हळूच म्हणालात, "पोरी, पाया पडत्ये तुझ्या. ते मडकं नको. आपल्या घरात सापडलं तर दामूला कायम कोण करल?"

सासू सुनेच्या पाया पडायचं म्हणते म्हणजे काय हो? मला लाज वाटली आणि रागही आला. मी म्हटलं, "आत्याबाई, त्यात ना मोह ना गूळ. नागली आहे. उघड्यावर ठेवलेल्या मडक्याला कोण दारू म्हणेल?" तुम्ही पुन्हा पीठ मळायला लागलात. मला वाटलं, पटलं.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला खोडाळ्याला गेले. जाताना तुम्हाला सतरा वेळा बजावलं. दोन वेळ ढवळा, फडकं तेवढं असू द्या, बाकी हात लावू नका. तुम्ही मान डोलावलीत. आणि मी गेल्यावर यांनी घरी येऊन सांगितलं की जंगलखात्याचे नवे साहेब उद्या फिरतीवर आहेत, चहाला आपल्याकडे येतील. झालं! तुमची पाचावर धारण बसली. साहेब घरात, कायम करणं साहेबाच्या हातात आणि परसात आंबट वास. तुम्ही काय केलंत? मडक्यावर झाकण म्हणून मातीचा परळ ठेवलात, कडेनं शेणमाती लिंपून तोंड घट्ट बंद केलंत, भाताच्या तुसाच्या ढिगात खड्डा केलात, त्यात मडकं उतरवलंत आणि वर पुन्हा तूस ओढलंत. वास कोंडला. साहेब आले, चहा प्याले, गेले. आणि तुम्ही मडकं काढायला धजला नाहीत. उघडलं तर वास सुटेल, म्हणून ते तिथंच राहिलं. तुसाच्या उबेत, तोंड बंद.

हे सगळं मला मागाहून कळलं. मी परत आले त्या दिवशी पाऊस उघडला होता. पाय धुऊन ओसरीवर टेकते न टेकते तोच आळीच्या टोकाला गलका झाला. दारूबंदीचे शिपाई दुसऱ्याच कुणाच्या घरी आले होते, तिथं काही मिळालं नाही. परत जाताना जमादार आपल्या दारात थांबला आणि म्हणाला, "आजी, पाणी द्या घोटभर." तुम्ही तांब्या आणलात. तो त्याच्या हातात देताना पाणी त्याच्या बुटावर सांडलं. तो म्हणाला, "आजी, वय झालं हो." आणि त्याच वेळी मागे परसात फट्‌दिशी आवाज झाला. कोंबड्या ओरडत सुटल्या. मी म्हटलं, नारळ पडला की काय. आपल्या परसात नारळाचं झाडच नाही. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्हाला आवाजाचं आश्चर्यच वाटलं नव्हतं. तुम्ही डोळे मिटून घेतले होतेत.

तुसाच्या ढिगातून फेस वर येत होता. परळ उडून खुराड्याजवळ पडला होता. शिपायानं हातानं तूस बाजूला केलं आणि मडकं वर काढलं, काठाला शेणमातीचं लिंपण तसंच. मडक्याचा वासही आता माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. इतके दिवस कोंडलेलं ते आंबण, खरोखरीच दारूसारखं नाकात चढत होतं.

मी म्हटलं, "जमादारसाहेब, कोंबड्यांचं खाणं आहे ते."

"कोंबड्यांच्या खाण्याला कुणी तोंड लिंपतं? तुसात पुरतं? भट्टीवाले बरोबर असंच करतात, बाई. घर कुणाचं हे?"

मी तोंड उघडलं. माझं मडकं, माझ्या माहेरची रीत, मीच बोलायला हवं होतं आणि मी बोलणारच होते. पण तुम्ही पुढे झालात. जी बाई एकटी नाक्यापर्यंत जात नव्हती ती दोन शिपायांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझं हाय. मी पुरलं, मी लिंपलं. हिला काय ठावं नाय, ही आताच म्हायेराहून आली. मला न्या."

त्यांनी नेलं. मडकं तुम्ही स्वतःच कडेवर घेतलंत. आळीतल्या बायका दारादारात उभ्या. तुमचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तो सावरायला तुमचा हात मोकळा नव्हता. मी तो सावरायला धावले तर तुम्ही असं काही बघितलंत की मी जागीच थिजले.

शेजारीण म्हणाली, "कचेरीत निरोप धाड, दामूला बोलाव." मी नाही बोलावलं. कचेरीत शिपायानं हाक मारून सांगायचं काय, तुमच्या आईला दारूपायी धरलं म्हणून? ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही कडेवर मडकं घेऊन चालत होतात तीच मी माझ्या हातानं घालवली असती. मग मला एकच सुचलं. कबरी आणि तिच्या त्या सालच्या दोन तलंगा डालग्यात कोंबल्या आणि चौकीची वाट धरली. म्हटलं, कोंबड्यांनीच साक्ष द्यावी.

चौकीत तुम्ही भिंतीशी खाली बसला होतात. जमादार म्हणाला, "ही आणि कशाला आली?" मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "ती घरधनीण हाय." मला वाटलं, भीतीनं तुमचं डोकं फिरलं. मी डालगं उघडलं, मडक्यातले ओंजळभर दाणे फरशीवर टाकले आणि म्हटलं, "बघा, खातात की नाही ते."

नाही खाल्ले. वाटभर हिंदकळलेल्या, अनोळखी जागा, बुटांचे आवाज. तिघी डालग्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. मी तीऽ तीऽ केलं, या गं बायांनो म्हटलं, हातानं ढकललं. कबरी बाहेर आली आणि पुन्हा आत शिरली. शिपाई हसायला लागले. एकजण म्हणाला, "दारूबंदी पाळतात हो कोंबड्या." माझ्या डोळ्यांपुढं ती जामसरची बाई आली, दोरीमागं धावणारी. हे आता होणार, असंच होणार, आणि आपल्या घरात उद्यापासून चूल कशावर पेटणार, असं सगळं एका दमात मनात येऊन गेलं.

तेवढ्यात तुमचा आवाज आला. बारीक, कापरा. "याऽ माझी राणी. याऽ गं. भिऊ नको. मी हाय ना."

कबरी डालग्यातून उतरली. फरशीवरचे दाणे ओलांडून तुमच्या मांडीपाशी गेली. तुम्ही चार दाणे तळहातावर घेतलेत आणि तिनं तुमच्या तळहातावरून खाल्ले. मागून दोघी तलंगा आल्या. बघताबघता फरशी साफ.

मी जमादाराकडे नव्हे, तुमच्याकडे बघत राहिले. अहो, तुम्ही तर कोंबड्यांना शिवत नव्हता ना? मी नदीवर धुणं घेऊन गेले की मागच्या दारी बसून त्यांना हातानं भरवत होतात, त्यांच्याशी बोलत होतात, आणि मी आले की नाकाला पदर! वर्षानुवर्षं माझ्याशी भांडलात ते मग कशापायी? मला त्या चौकीत, त्या भीतीतही, हसू फुटणार होतं.

जमादारानं मडकं गटारात ओतायला लावलं, तुमचा अंगठा घेतला आणि दरडावलं, पुन्हा असं पुरलेलं सापडलं तर सोडणार नाही. आपण घरी आलो. वाटेत डालगं तुम्ही माझ्या हातून घेतलंत. घरी आल्यावर म्हणालात, "दामूला सांगू नको." मी नाही सांगितलं. त्यांना आळीतून कळलं असणार, पण त्यांनीही कधी विचारलं नाही. आपल्या घराची ही रीत काही बरी नाही, आत्याबाई. सगळे एकमेकांना सांभाळत गप्प बसतात.

त्या दिवसापासून भीती तुमच्यातून उठली आणि माझ्यात येऊन बसली. मी म्हटलं, पुरे झाल्या कोंबड्या, कबरीला खोडाळ्याला पोचवून येते. मडकं तर घरात नकोच. आणि तुम्ही? तुम्ही बाजारातून नवं मडकं आणलंत, स्वतः नागली भिजत घातलीत आणि ते नेऊन ठेवलंत कुठं, तर पुढच्या पडवीत! मी अक्षरशः कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, अहो, रस्त्यावरनं दिसतं."

"दिसू दे. तूच म्हणत व्हतीस ना, उघड्याला कोण दारू म्हणतो."

"तेव्हा म्हणत होते. आता मला भीती वाटते."

"माझी सरली," तुम्ही म्हणालात. एवढंच. आणि ढवळायला लागलात.

वर्षभर आपण उलट्या बाजूंनी भांडलो. खाकी कपडा दिसला की मी पडवीत जाऊन मडक्यापुढे उभी राहायचे आणि तुम्ही आतून ओरडायचात, "सरक गं, वारा लागू दे त्याला." तुमची भीती अशी एका दिवसात सरली कशी, हे मला विचारायचं होतं. आज विचारीन, उद्या विचारीन करत राहिले. मग यंदाचा पाऊस आला, तुमच्या छातीत कफ धरला, आणि तुम्हाला काढे पाजण्यात विचारायचं राहून गेलं. शेवटच्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "ढवळलंस का?" मी म्हटलं, ढवळलं. तुम्ही हात हातात घेतलात. आईनंसुद्धा माझा हात असा कधी घेतला नव्हता.

आता आजचं सांगते.

सकाळी जमादार आला. तोच. मी पडवीत मडक्यापाशी होते, हातात काठी. त्याला बघून मी मडक्यापुढे झाले. पण तो छत्री मिटून पायरीवर बसला आणि म्हणाला, "आजी गेल्याचं कालच कळलं. वाईट झालं." मी मान हलवली. कोंबड्या त्याच्या बुटाभोवती फिरत होत्या. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "वहिनी, एक गोष्ट सांगू का? मनात राहिलीय. त्या दिवशी तुम्ही डालगं घेऊन आलात त्याच्या आधीच मी आजीची जबानी घेतली होती. घर कुणाचं विचारलं तर म्हणाल्या, जंगलखात्यातल्या कारकुनाचं. म्हटलं, तो तुमचा कोण? म्हणाल्या, कुणी नाही. भला माणूस आहे, पडवीत जागा दिली मला. म्हटलं, मूलबाळ? तर म्हणाल्या, नाही. मला कुणीच नाही."

माझ्या हातातली काठी मडक्यात पडली.

"मी तसंच लिहून घेतलं. म्हणून तर तुमच्या मालकांकडे कुणी चौकशीला आलं नाही. पुढं बाजारात कळलं, त्यांची आई आहे ही. म्हटलं, असू दे. लिहिलंय ते लिहिलंय. कुणाचं भलं होतंय तर होऊ दे."

म्हणून मी घरधनीण! भीतीनं तुमचं डोकं फिरलं नव्हतं, आत्याबाई, ते इतकं ठिकाणावर कधीच नव्हतं. भात कांडून वाढवलेल्या पोराला तुम्ही तिथं फरशीवर बसून नाकारलंत आणि त्या जबानीवर अंगठा उठवून आलात. त्यापुढं घाबरायला उरलं काय होतं? म्हणून सरली तुमची भीती. आता कळतंय.

मी हे तुमच्याजवळच ठेवणार होते. यांना सांगणार नव्हते. पण हे दारात उभे होते. मुंडण केलेलं डोकं, खांद्यावर उपरणं. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"जमादार, मूलबाळ नाही असं लिहिलंय?"

"हो."

"ते दुरुस्त करायला काय करावं लागतं?"

जमादार चपापला. "राव, कशाला? आजी गेल्या. कुणी ते उघडून बघणार नाही. आणि तुम्ही अजून कायम नाही, मला ठाऊक आहे. उगाच वरपर्यंत गेलं, तुमच्या घरात रसायन सापडलं म्हणून नाव लागलं, तर?"

हे कधी साहेबापुढे मान वर करत नाहीत. तुम्हाला माहीत आहे ते. तुमचेच आहेत. पण आज जमादारासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "माझ्या शाळेत बापाचं नाव लागलं. नोकरीत बापाचं लागलं. माझ्या आईचं नाव उभ्या जन्मात सरकारात एका ठिकाणी लिहिलं गेलं, आणि तिथं लिहिलंय की तिला कुणी नाही. मी येतो तुमच्याबरोबर."

आत गेले, सदरा घातला, टोपी घातली. मुंडण केलेल्या डोक्यावर ती सैल बसत होती. मी दारात उभी होते. तुम्ही असतात तर आडव्या पडला असतात. म्हणाला असतात, शेवंते, धर त्याला, माझं सगळं केलेलं पाण्यात घालतोय. मला ते ऐकूसुद्धा आलं. आणि मला पडवीतलं मडकं दिसत होतं, रिकामा डबा दिसत होता, खोडाळ्याला परत जाऊन भावाच्या दारात उभी राहिलेली मी दिसत होते. हात पुढे केला असता तर ते थांबले असते. खरंच थांबले असते, इतके तेही घाबरलेले होते.

मी हात पुढे केला तो छत्री द्यायला.

ते पायरी उतरले तेव्हा मात्र राहवलं नाही. मी हाक मारली. ते वळले. मी म्हटलं, "तिथं नुसतं माझी आई, माझी आई करू नका. पूर्ण नाव सांगा. नीट लिहून घेतायत का ते बघा." आणि मग मीच ते म्हणून दाखवलं. रखमाबाई. सासूचं नाव सुनेनं घेऊ नये म्हणतात, म्हणून इतक्या वर्षांत या घरात मी ते तोंडातून काढलं नव्हतं. आज आळीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं काढलं.

दुपार कलली. ते अजून आलेले नाहीत. मला भीती वाटतेय, आत्याबाई, फार भीती वाटतेय. पण दार मी सताड उघडं ठेवलंय.